थोरलीची हाक

थोरली मरून वर्ष उलटलं होतं, तरी ती अजून हत्तींना हाका मारत होती.

कारिवण्याच्या खोऱ्यात हे आता कुणाला नवं राहिलं नव्हतं. धरणाच्या पाण्यापासून वर घाटाच्या कड्यापर्यंत, बांबूच्या बेटांत आणि काजूच्या बागांच्या कडेने शेवाळी रंगाचे खांब पुरलेले होते. गावची माणसं त्यांना कानखांब म्हणत. एखाद्या खांबाच्या बुडाशी गाडलेला डबा थरथरला, की मैलभरावरचे हत्ती तोंडातला घास तसाच ठेवून मान वर करत आणि थोरलीच्या हाकेकडे चालू लागत. पण कळपाची ती म्होरकी हत्तीण, थोरली, तिथे नसे. तिथे खांब असे. हत्ती त्याच्याभोवती जमत, सोंडेने त्याला चाचपत, हुंगत, आणि मग बराच वेळ काहीही न करता नुसते उभे राहत.

रतन गवस हे सगळं हत्तींवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातल्या पडद्यावर बघे आणि कानाला लावलेल्या यंत्रातून ऐके. सुरुवातीला तिला त्याचं कौतुक वाटायचं. हल्ली हत्ती खांबाजवळ पोचले, की ती पडद्याकडे पाठ करून बसायची.

हत्तीची हाक ऐकायची म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवं. देवळात मोठा ढोल वाजत असताना त्याच्या अगदी जवळ उभं राहून पाहावं. आवाज कानात येतो तसा छातीतही येतो. ढोल जितका मोठा तितका आवाज खालचा, आणि तितका तो कानापेक्षा अंगाला जास्त कळतो. आवाज म्हणजे शेवटी थरथर. ही थरथर सेकंदाला विसापेक्षा कमी वेळा होऊ लागली, की माणसाचा कान तिला पकडू शकत नाही. हत्तींचं बरंचसं बोलणं या रेषेच्या खाली चालतं. आपल्याला वाटतं, रान गप्प आहे. ते गप्प नसतं. आपण बहिरे असतो.

अशी खालची थरथर झाडाझुडपांत अडत नाही. ती हवेतून मैलोन् मैल जाते, जमिनीतूनही जाते. हत्तीच्या तळव्यात चरबीची जाड गादी असते. जमिनीतली थरथर त्या गादीतून पायाच्या हाडांत आणि हाडांतून कानापर्यंत पोचते. एखादा हत्ती एक पाय किंचित उचलून स्तब्ध उभा दिसला, तर तो दमला आहे असं समजू नये. तो ऐकत असतो.

डॉक्टर मृदुला केळुसकरांनी कानखांब रोवले ते हे ऐकण्यासाठी. त्यांच्या यंत्राने वर्षभर ऐकलं, आणि मग त्यातून एक गोष्ट पुढे आली. कळपातल्या प्रत्येक हत्तीला नाव होतं. माणसांनी दिलेलं नव्हे. त्यांचं त्यांनी दिलेलं. थोरली एक विशिष्ट हुंकार काढी आणि पाच जणांतला एकच हत्ती मान वळवी. यंत्राने ती नावं शिकून घेतली. पुढे ते आवाजही शिकलं. गणपतीच्या शाळेत मूर्तीचा साचा एकदा तयार झाला, की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती काढता येतात; मूळची मूर्ती समोर असावी लागत नाही. तसा थोरलीच्या आवाजाचा साचा झाला. त्या साच्यात कुठलंही नाव ओतावं, आणि थोरलीने कधी मारली नव्हती ती हाक बाहेर पडे.

हे सगळं चाललं होतं एका जिवासाठी. खोऱ्यात पूर्वी तीन सुळेवाले होते. एकाला विजेची तार लावून मारलं, दुसऱ्याला गोळीने. सुळा म्हणजे हत्तीचा दात, आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो पुरा हवा असेल तर तोंड फोडावं लागतं. दोघांचीही तोंडं फोडलेली होती. दूर कुणाच्या तरी दिवाणखान्यात एक नक्षीदार होडी किंवा नाचणारी बाई उभी राहावी, एवढ्यासाठी.

उरला एकटा रावळू, थोरलीचा मुलगा. वयात आलेला नर कळपापासून वेगळा राहतो, पण आईने बोलावलं तर येतो. कानखांबांना माणसांची पावलंही ओळखता येत. रानात परकं पाऊल पडलं की रतन लांबच्या खांबावरून थोरलीच्या आवाजात रावळूला बोलवून घेई. थोरली धरणाच्या कालव्यात घसरून मेली, तेव्हा केळुसकर बाईंनी वरच्या साहेबांना विचारलं होतं, आता या आवाजाचं काय करायचं? साहेब म्हणाले, ठेवा. रावळू ऐकतो तो त्याच आवाजाला.

रतन हाकाऱ्याची मुलगी. तिचा बाप डबे बडवून, आरोळ्या ठोकून शेतातले हत्ती रानात घालवायचा. धाकटा भाऊ दिगू आजही तेच काम करत होता. फक्त त्याच्या खांद्यावर आता डब्याऐवजी हाकपेटी असे. हाकपेटी म्हणजे कानखांबाचाच लहान अवतार. केंद्रातून तिच्यात थोरलीच्या हाका भरून दिल्या, की शेतात उभं राहून त्या जमिनीत सोडता येत.

यंत्र नवीन होतं तेव्हा केळुसकर बाईंनी एकदा विचारलं होतं, "रतनताई, तुम्ही प्रत्येक हाक तीनदा का मारता? एकदा पुरे आहे की."

"एका हाकेक कोण ओ देता, मॅडम?" रतन म्हणाली. "रानात पयली हाक इली तर गप रवाचा. दुसरेक पण गप. तिसरी इली म्हणजे समजाचा, माणूस आसा. भूत तीनदा हाक मारणा नाय."

"हे तुमचं झालं. हत्तींना हा नियम कुणी सांगितला?"

"तेंचो जलम हयसरच झालो मां? तेंका वेगळा सांगूक कित्याक व्हया?"

बाई खूप हसल्या, आणि तीनचे तीनच राहू दिले. यंत्राचा नियम तिथेच ठरला. पुढे हाकपेट्यांतही तीन हाकांचीच सवय घातली गेली.

दिगूची बायको सुरंगी रावळूच्या पायाखाली गेली होती. भेरल्याच्या कोंडीवर, ओढ्यातल्या डोहाच्या काठी, त्यांची केळीची बाग आहे. भर दुपारी सुरंगी बागेत पाणी लावायला गेली, आणि केळीच्या आडोशाला उभा असलेला हत्ती तिला दिसला नाही. त्यालाही ती दिसली नसावी. पण असं म्हणून काही कुणाचं समाधान होत नाही. त्या दिवसापासून दिगू हत्तींविषयी चांगलं किंवा वाईट काहीच बोलत नसे. काम मात्र चुकवत नसे.

एका दुपारी तो केंद्रावर आला आणि दारातच उभा राहिला.

"बाय, त्या खांबांत माणसांचे आवाज पण रवतंत?"

"रवतंत. कित्याक?"

"आमच्या बागेकडचो खांब. सुरंगी थयसून माका जेवक हाक मारी."

रतनला पुढचं कळलं. ती म्हणाली, "दिगू, नको."

"एकदा."

"अरे, एकदा आयकलंस तर..."

"एकदाच म्हणतंय मां मी! तुझ्या हत्तींका रोज आयकवतंस. मी काय हत्तीपेक्षा गेलंय?"

भावाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिने सुरंगीच्या आवाजाचा साचा काढला, यंत्राला नाव दिलं, आणि यंत्राने सुरंगीच्या आवाजात हाक मारली, "दिगू!"

दिगू दचकून मागे सरला. "ही ती न्हय."

"तिचोच आवाज आसा रे."

"तिना माझा नाव कधी घेतला नाय. लग्नात उखाण्यात घेतला तेवढाच. ही दुसरी कोणतरी आसा, तिच्या गळ्यात बसलेली."

रतनने ती बनवलेली हाक पुसून टाकली, आणि खांबाने खरोखर ऐकलेलं शोधून काढलं. "अवो!" अशी, शेवट उंच नेणारी, बागेपलीकडून मारलेली हाक. सवयीने तिने ती तीनदा लावली.

"अवो!"

दिगू गप्प.

"अवो!"

तो खाली बघत राहिला.

"अवो!"

"ओ," दिगू म्हणाला, आणि दाराची चौकट धरून खाली बसला.

एकदाच म्हणून झालेलं ते मग आठवड्यातून एकदा झालं, आणि पुढे रोज दुपारचं. जेवणाच्या वेळी दिगू बागेकडच्या खांबाशी जाऊन बसे. हत्ती आल्याची वर्दी गावाला द्यायला प्रत्येक खांबावर एक भोंगा होता. रतन केंद्रातून त्या भोंग्यावर सुरंगीची हाक सोडी. तीनदा. तो ओ देई आणि भाकरी सोडून खाऊ लागे. रतनला वाटे, चार घास पोटात जातायत ना, मग जाऊ देत. नाहीतर तो जेवतच नव्हता.

त्याच दिवसांत हत्ती विचित्र वागू लागले.

पहिल्यांदा वनरक्षकाला एक कानखांब फांद्यांखाली पूर्ण गाडलेला सापडला. वाऱ्याने मोडलेल्या फांद्या नव्हत्या त्या. किंदळीच्या, भेरल्या माडाच्या हिरव्या फांद्या मोडून आणून एकावर एक रचलेल्या होत्या आणि वर माती ओढलेली होती. हत्ती आपल्यातल्या मेलेल्याला असं झाकतात. वनरक्षकाने खांब मोकळा केला. चार दिवसांनी तो पुन्हा गाडलेला होता. मग दुसरा. मग तिसरा.

मग रावळूने यायचं सोडलं. रतन हाक मारी. पहिल्या हाकेला तो चालता चालता थांबे, एक पाय उचले. दुसरीला मान वळवे. तिसरी हाक झाली की तो पाय खाली ठेवी आणि उलट्या दिशेला निघून जाई. घाईने नाही. ज्या घरात मयत झालं आहे त्याच्यासमोरून माणूस जसा बाजूने निघून जातो, तसा.

रतनने जुन्या नोंदी काढून पुन्हा पुन्हा ऐकल्या तेव्हा तिला उलगडा झाला. जिवंत हत्ती एकमेकांना एकदाच हाक मारतात. उत्तर आलं नाही तर थांबतात, चार पावलं चालतात, मग कधीतरी पुन्हा मारतात. ठरावीक अंतराने तीनदा, असं कुणीच मारत नाही. तसं मारते फक्त मेलेली थोरली. माणसांनी ठरवलं होतं, तिसरी हाक जिवंताची. हत्तींनी वर्षभर ऐकून, येऊन, खांब हुंगून ठरवलं, तिसरी हाक मेलेलीची.

तिने केळुसकर बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चूक आपलीच. आजच एक हाक करून टाका, रतनताई. तो पुन्हा येईल."

"येतलो मॅडम. पण तेका वाटतला, आई जिती झाली."

"त्याचा जीव वाचेल."

"होय. पण..." रतन म्हणाली. "दोन दिवस द्या माका."

त्या संध्याकाळी दिगू तिच्याकडे जेवायला होता. आमटी वाढता वाढता तिने हे सगळं त्याला सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवतच नव्हतं.

"म्हणजे एकच हाक मारली तर तो येतलो?" दिगूने विचारलं.

"धावत येतलो. आईच ती."

दिगूने भात कालवला. "मगे मारणंस कित्याक नाय?"

"अरे, तुका नको सांगूक. एक हाक मारून सुरंगीन तुका बोलावल्यान, आणि तू गेलंस, आणि थय कोण नाय..."

"माझा वेगळा," दिगू म्हणाला. "माका ठावक आसा, ती नाय म्हणून."

त्याने आणखी भात घेतला नाही. रतनला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रतन पडद्यासमोर बसली होती. बाहेर ऊन असं तापलं होतं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. बागेकडच्या खांबाने पावलं पकडली. एक पाऊल डावीकडे जरा घासत होतं. माडावरून पडल्यापासून दिगूचा तो पाय तसाच होता. तो रोजच्यासारखा जेवायला आला असेल, असं समजून तिने सुरंगीची हाक तयार ठेवली. मग तिच्या लक्षात आलं, दिगूच्या पावलांच्या मागोमाग आणखी दोन माणसं चालत होती. जड बुटांची, अनोळखी.

पावलं खांबापाशी थांबली नाहीत. ती खाली भेरल्याच्या कोंडीकडे, पाण्यावर गेली. तिथे थांबली.

आणि जमिनीतून हाक आली. थोरलीच्या आवाजात. रावळूचं नाव. एकदाच.

रतनने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. केंद्रातून काहीही गेलं नव्हतं. ती हाकपेटीतून आली होती, कोंडीवरून, आणि पेटीतली तीनची एक कशी करायची ते दिगूला चांगलं माहीत होतं.

कड्याखालच्या बांबूत रावळू होता. तो थांबला. त्याने पाय उचलला. रतन ऐकत राहिली. दुसरी हाक आली नाही, तिसरी आली नाही. मग रावळूने उत्तर दिलं. वर्षभरात त्याने कुठल्याच हाकेला असं उत्तर दिलं नव्हतं. इतकं खोल, इतकं लांबलेलं, की पडद्यावरची रेघ चौकटीबाहेर गेली. आणि तो निघाला.

तिने वनपाल दळवींना फोन लावला. "भेरल्याच्या कोंडीर दोन परके आसत. रावळू खाली येता!"

"आम्ही धरणाच्या पलीकडच्या अंगाला आहोत, ताई! निघालो, पण अर्धा तास तरी लागेल. त्याला तिकडून हलवा!"

दिगूचा फोन बंद होता. तिने जवळच्या खांबावरून थोरलीच्या तीन हाका सोडल्या. मेलेलीच्या. तो बिचकेल, वाट बदलेल, या आशेने. रावळू थांबला खरा. तेवढ्यात कोंडीवरून पुन्हा एकच हाक आली, आणि तो चालू लागला.

मग जे करायचं नाही म्हणून तिने दोन दिवस मागून घेतले होते, ते तिने केलं. वरच्या खांबावरून तिने थोरलीची एकच हाक सोडली. आता खोऱ्यात दोन आया झाल्या. एक वरून बोलावत होती, एक खालून. रावळू मध्येच उभा राहिला. वर वळला, खाली वळला. त्याची पावलं जागच्या जागी पडत होती. एवढं मोठं जनावर, पण पडद्यावर ते एखाद्या पोरासारखं घुटमळताना दिसत होतं. खालची हाक जवळची होती. ती पुन्हा आली. रावळू खाली उतरला.

थोरलीच्या हाकेने रतनला रावळू आता वाचवता येणार नव्हता. तो आवाज तिच्या आणि दिगूच्या, दोघांच्याही हातात होता. पण दुसरा एक आवाज फक्त तिच्याकडे होता.

ते करणं म्हणजे काय, हे तिला पक्कं कळत होतं. सख्ख्या भावाला त्याच्या मेलेल्या बायकोच्या तोंडून फसवायचं. रोज दुपारी तीच हाक ती त्याला दयेने देत होती. आज ती गळासारखी टाकायची. तिने डोळे मिटले आणि बागेकडच्या खांबाचा भोंगा सुरू केला.

"अवो!"

कोंडीवर काही हललं नाही.

"अवो!"

घासणारं पाऊल किंचित सरकलं. बुटांची पावलं चुळबुळली. कुणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली.

"अवो!"

"ओ!"

तो आवाज खांबाने पकडला तेव्हा रतनच्या कानातलं यंत्र करकरलं. दिगूने छातीतून ओ दिली होती, हाकाऱ्याच्या पोराची, खोरं भरून टाकणारी. "ओ! इलंय! इलंय गो!" आणि घासणारा पाय दगडधोंड्यांवरून, पाण्यातून खांबाकडे धावत सुटला.

माणसाच्या त्या आवाजाने रावळू जागच्या जागी गर्रकन वळला. बार झाला. रतनने दोन्ही हात पडद्यावर ठेवले. वजनदार पावलं चढणीला लागलेली तिला ऐकू आली. एक, दोन, तीन, चार. चारही नीट पडत होती. ती बांबूत शिरली, कड्याखाली गेली, आणि विरली.

दळवींनी त्या दोघांना धरणाच्या रस्त्यावर गाठलं. बंदूक होती, सुळे कापायची करवतही होती. संध्याकाळी त्यांनी रतनला विचारलं, "ताई, कोंडीवर पावलं तिघांची उमटलीत. तिसरा कोण, कळलं?"

"होय."

"ओळखीचा?"

"माझो भाव," रतन म्हणाली.

त्यापूर्वी, उन्हं कलण्याआधीच, ती बागेत जाऊन आली होती. दिगू खांबाला टेकून बसला होता. कपडे ओले, गुडघा फुटलेला. त्याने वर पाहिलं नाही.

"तू मारलंस ती हाक?"

"होय."

"तिनय?"

"तिनय."

"माका ठावक होता गो," तो म्हणाला. "तूच ती, ह्या माका पयल्याच हाकेक ठावक होता. तरी पाय उठले." मग कड्याकडे पाहून, "तेचे पण असेच उठले असतीत."

रतन त्याच्या गुडघ्याला पदराचं टोक लावायला वाकली. त्याने पाय मागे घेतला.

पुढचे काही महिने दिगू तिच्याशी बोलला नाही. खटला उभा राहिला. सुरंगी गेल्यापासून त्याला गाठू पाहणारी, सुळ्यांमागची घाटावरची माणसं त्याने नावानिशी सांगितली, म्हणून त्याला जामीन लवकर मिळाला. त्या अवधीत रतनने केळुसकर बाईंना बोलावून घेतलं आणि आपला निर्णय सांगितला. थोरलीचा साचा पुसायचा. सुरंगीचा आवाजही.

बाईंना ते पटलं नाही. "रतनताई, थोरलीचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. पुसला की गेला. आणि रावळूला हलवायचं झालं तर कशाने हलवणार?"

"डबे बडवून. माझ्या बापान हलवले, तसे. पावलां आयकूया, मॅडम, माणसां ठेवूया. रात्रंदिवस मी बसतंय खांबाकडे. पण मेल्यांच्या गळ्यान हाक मारूची नाय. आज दिगून मारली, उद्या आणखी कोण मारीत. साचो आसा तोवर कोणतरी मारतलोच."

बाईंनी पडद्यावरच्या त्या दोन आवाजांच्या रेघांकडे पाहिलं. "एकदा ऐकू द्याल?" त्यांनी विचारलं.

"नाय," रतन म्हणाली, आणि दोन्ही पुसून टाकले.

पावसाळा सरल्यावर दिगूने बागेत नवी केळी लावली. एका दुपारी रतन बागेकडच्या खांबाचं झाकण बदलायला गेली होती, तेव्हा तो तिथे होता. केळीचे कोवळे मुनवे लावून त्याचे हात चिखलाने भरले होते. तिला पाहून तो निघून गेला नाही. तेवढ्याने तिला बरं वाटलं.

ती काही बोलणार, तोच त्याने हात वर करून तिला थांबवलं. ओढ्यापलीकडे, भेरल्या माडांच्या सावलीत, रावळू उभा होता. हाकेच्या अंतरावर. सुळे पानांत लपलेले, कान पसरलेले. त्याने तोंड उघडलं नव्हतं. रानात चिटपाखरू बोलत नव्हतं. पण रतनच्या पायाखालची ओली जमीन हळूच थरथरली, पाण्याच्या हंड्यावर कुणीतरी बोट फिरवावं तशी. थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा थरथरली.

दिगूलाही ते कळलं होतं. तो उकिडवा बसला.

"आईक बोलावता मां?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"होय. ती एक हाक हयसून इली मां, म्हणून रोज येता दुपारचो."

"ओ दी मगे तेका."

"कशान देव, दिगू? आता काय नाय माझ्याकडे."

रावळू वाट बघत होता. त्याने पुढचा एक पाय उचलला आणि अधांतरी धरला. सुरंगी जिथे पडली होती ती जागा त्याच्यापासून वीस पावलांवर होती. तिथे आता गवत वाढलं होतं. दिगू त्या गवताकडे पाहत राहिला, मग हत्तीकडे.

पुन्हा थरथर आली. या वेळी जास्त लांबलेली.

दिगूने चिखलाचा पंजा पसरून जमिनीवर ठेवला. एखाद्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"नाय रे ती," तो जमिनीला म्हणाला. "नाय आता. मी सांगतंय मां."

पलीकडे रावळूचा पाय तसाच उचललेला राहिला. थरथर थांबली नाही. दिगूने हातही उचलला नाही.